पाहुण्यांचं नेटवर्क

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

प्रिंटर उद्या-परवा घरी पोचेल. खोक्यावर नाव आईचं घातलंय, दादाचं नाही. मुद्दामच. काल फोनवर त्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "बारके, आणखी एक डबडं कशाला? आईला काय आता ऑफिस थाटायचंय?" आणि स्वतःच्याच विनोदावर असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मी इथे कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये दिवसभर अनोळखी लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळते. त्यांची कधी किळस आली नाही. त्या हसण्याची आली.

तुझ्याशी फोनवर धड बोलता येत नाही. तू मध्येच "हो, हो, भाजी आणली" म्हणतेस, म्हणजे दादा खोलीत आला हे मला कळतं. म्हणून आता मेलवर पत्रंच लिहू.

आईच्या स्पीच थेरपीवाल्या बाईंशी मी सविस्तर बोलले. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचे शब्द आत अडकलेत. ते गेलेले नाहीत, फक्त वाट सापडत नाही, असं त्या म्हणाल्या. रोज नवं चित्र कागदावर तिच्या हातात पडलं पाहिजे. डाव्या हाताने तिने ते गिरवायचं, त्यावर खूण करायची आणि तो शब्द म्हणून बघायचा. टॅबच्या काचेवर गिरवताना तिचं बोट नुसतं घसरतं. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार पटलं. टॅबवरचं चित्र आईनेच निवडावं, तिनेच दाबावं आणि कागद तिच्यासमोर बाहेर यावा. आपण काही केलं आणि त्यातून काही झालं, हे तिला पुन्हा दिसू दे.

बसवायला सोपा आहे. आईच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर ठेव. मागचं बटण दाबून धरलंस की निळा दिवा लुकलुकेल. मग टॅबवर त्याचं नाव दिसेल, तिथे घरच्या वायफायचा पासवर्ड घाल. दिवा लुकलुकायचा थांबला की झालं. एकदा बसला की सगळ्यांनी वापरा. दादानेही त्याचे ते भाड्याच्या घरांचे कागद खुशाल काढावेत. पण यंत्र राहील आईच्या खोलीत.

तुझी
बारकी

१० फेब्रुवारी

प्रिय बारके,

प्रिंटर आला, बसला. यांनीच बसवला. दिवाणखान्यात, राउटरच्या शेजारी. "राउटरजवळ असला की नीट चालतो," म्हणाले. मला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे मी बोलले नाही. यांच्या लॅपटॉपवरून लगेच पान निघालं. आईंच्या टॅबवर मात्र "प्रिंटर सापडत नाही" असंच येतं. टॅबवर बाकी सगळं चालतं, गाणी लागतात, स्पीचवाल्या बाईंची चित्रंही येतात. फक्त प्रिंटर दिसत नाही.

तोवर चित्रं हेच काढून देणार आहेत, वेळ मिळेल तशी.

आईंची तब्येत आहे तशी. एक शब्द येतो, तुला माहीतच आहे. "हो." चहा हवा का? हो. चहा नको का? हो. पंखा बंद करू? हो, आणि मग घाम पुसत बसतात. त्यांच्या डोळ्यांकडे बघून खरं काय ते ओळखावं लागतं. मी ओळखते बहुतेक वेळा.

चित्रांचा त्यांना फारसा उत्साह दिसत नाही. दमतात बहुधा.

सकाळी तरणतलावाच्या तिकीटखिडकीवर असते, दुपारी घरी. मुलांच्या सुट्ट्या लागल्या की गर्दी वाढेल. तू जेवणाखाण्याची हयगय करू नकोस.

तुझी
वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

वायरलेस म्हणजे ज्याला तार लागत नाही तो! त्याला राउटरच्या मांडीवर कशाला बसवायला पाहिजे? मधे दोन भिंती आहेत फक्त. दादाला हे कळत नाही असं नाही. त्याला ते यंत्र डोळ्यांसमोर हवंय.

असो. टॅब बंद करून चालू कर. राउटर बंद करून चालू कर. प्रिंटरचं ॲप काढून पुन्हा घाल. आणि महत्त्वाचं, दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत ना बघ. प्रिंटरची दोन बटणं एकदम दाबलीस की एक पान निघतं, त्यावर नेटवर्कचं नाव असतं.

उत्साह नाही म्हणजे काय? तिला सांग, बारकी चिडलीय. आयुष्यभर मला "अभ्यासाला बस, अभ्यासाला बस" म्हणून छळलं, आता स्वतः बस म्हणावं. आळस करायचं वय नाही हे. मला खरंच वीट आलाय, वहिनी. इतक्या लांबून मी सगळी जुळवाजुळव करायची आणि तिथे कोणी बोट हलवायला तयार नाही.

बारकी

२३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू सांगितलंस ते सगळं केलं. स्टुलावर चढून राउटर बंद-चालू केला, तेवढ्यात यांची कुठलीशी मीटिंग तुटली आणि बोलणी खाल्ली. ते पानही काढलं. प्रिंटर "ऑफिस" नावाच्या नेटवर्कवर आहे आणि टॅब "घर" नावाच्या. यांना विचारलं तर म्हणाले, "एकाच राउटरची दोन नावं असतात. एक लांब जाणारं, एक वेगवान. सगळं एकच." मी म्हटलं, मग टॅबही ऑफिसवर टाका. तर म्हणाले, जुना टॅब आहे, झेपणार नाही.

शाई संपली. घरांच्या जाहिरातींची पत्रकं रंगीत काढत होते. नवी आणतो म्हणालेत.

एक सांगायचं राहिलं. आईंची खोली आता यांनी कामासाठी घेतली. रस्त्याच्या बाजूला वेगळं दार आहे, लोकांना घरातून यावं लागत नाही, म्हणून. प्रिंटरही तिथेच हलवला. आईंची कॉट स्वयंपाकघरामागच्या खोलीत आहे. यांनी आईंना विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या.

इकडे बाकी ठीक.

तुझी
वहिनी

२४ फेब्रुवारी

वहिनी,

दोन नावांचं म्हणशील तर ते खरं आहे, माझ्या घरीही तसंच आहे. म्हणजे यंत्रच खराब निघालं. दुकानदाराला धरते.

पण बाकीचं वाचून माझं डोकं फिरलं. "त्या हो म्हणाल्या"? अगं, तुला फाशी देऊ का विचारलं तरी ती हो म्हणेल! हे तूच मला लिहिलंस ना? आणि खाली "इकडे बाकी ठीक"? कोणाचं ठीक?

मी येतेय. दादाला सांगू नकोस.

बारकी

९ मार्च

वहिनी,

परत येऊन आठवडा होत आला. तुला लिहायला बसायचं आणि उठायचं, असं चाललं होतं. आज सगळं लिहून टाकते.

ती खोली नव्हे. ती कोठी आहे. पीठ, कांदे, रद्दी आणि वॉशिंग मशीन. मशीन फिरायला लागलं की आईची कॉट थरथरते, आणि ती तशीच थरथरत छताकडे बघत पडलेली. उशीला ओल्या फडक्याचा वास. आणि ते चित्र! छत्रीचं. एकच. चार कडांना चिकटपट्टी लावलेलं, दुधाचे डाग पडलेलं, गिरवून गिरवून छत्रीचा दांडा फाटला होता. आणि मी तिला आळशी म्हटलं! तू मला तिला उत्साह नाही असं लिहिलंस आणि मी ते खरं मानलं. तिला रोज नवं चित्र द्यायचं होतं, प्रिंटर आल्यापासून दादाने एकच काढून दिलं होतं.

आणि पुढच्या खोलीत माझ्या पैशांचं यंत्र खुशाल गुळगुळीत पत्रकं ओकत होतं. "हवेशीर, भरपूर उजेड, स्वतंत्र दार." आईच्याच खिडकीचा फोटो होता त्यावर, नमुना म्हणून. मी एक पत्रक उचलून शेवटपर्यंत वाचलं.

दादाशी जे भांडण झालं ते तू ऐकलंसच. "मी जबरदस्ती केली का? विचारूनच केलं. ती हो म्हणाली." हे वाक्य तो इतक्या शांतपणे बोलतो की समोरच्याला वाटावं, आपणच चक्रम आहोत. मग मला वायफायचा पासवर्ड दिला, "बघ बाई तूच," म्हणून. मी माझा फोन "घर"ला जोडला, मलाही प्रिंटर दिसला नाही. त्यावर तो हसला.

पण त्याचं मी समजू शकते, तो तसाच आहे. तुझं समजत नाही. मी ओरडत होते आणि तू ओटा पुसत होतीस. स्वच्छ ओटा पुन्हापुन्हा पुसत होतीस. एक शब्द बोलली नाहीस. दादाची शिसारी मला जुनी आहे. तुझी नवीन आली. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आईसाठी मी इथे खोली शोधतेय. दोन जिने चढून जावं लागणार नाही अशी, माझ्या पगारात बसणारी. अजून मिळाली नाही.

बारकी

२१ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र तिकीटखिडकीत वाचलं. समोर पोहायला आलेल्या बाया सुटे पैसे मोजत होत्या आणि मला आकडे दिसेनात. लागलं ते मला. पण तू चुकीचं काही लिहिलं नाहीस, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही. पुढे काय झालं ते सांगते.

दुपारी तलाव साफसफाईसाठी बंद असतो. त्या वेळात मी प्रिंटरच्या कंपनीला फोन लावला. खोक्यावर नंबर होता. फोनवर एक मुलगी होती, सर्दी झालेली, पण समजूतदार. तिने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, यंत्र अगदी ठीक आहे. तुमचं हे 'घर' नावाचं आहे ना, ते गेस्ट नेटवर्क वाटतंय मला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की त्यांना इंटरनेट द्यायचं, पण घरातली यंत्रं त्यांना दिसू द्यायची नाहीत. प्रिंटर, टीव्ही, काहीच नाही."

"पण त्याचं नाव तर घर आहे."

"नाव काहीही ठेवता येतं, काकू."

मग तिने मला माझा फोन कुठल्या नेटवर्कवर आहे ते बघायला सांगितलं. माझाही "घर"वरच. पहिल्यापासून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली बारके, आणि ते मला सर्दी झालेल्या परक्या मुलीकडून कळलं.

घरी आले तेव्हा हे पुढच्या खोलीत, आईंच्या खिडकीत बसून वर्तमानपत्रावर पायाची नखं कापत होते. मी विचारलं, "आईंचा टॅब तुम्ही पाहुण्यांत टाकलाय का?"

मान वर न करता म्हणाले, "मग? तिची बोटं कुठेही पडतात. उगाच पानं निघत राहतील. शाई काय फुकट येते?"

"आणि मी?"

"तुला काय छापायचंय?"

इतकंच. खोटं बोलायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. नखाचा एक तुकडा उडून प्रिंटरच्या ट्रेमध्ये, कोऱ्या कागदांवर पडला. त्यांनी तो उचललाही नाही. बारके, मी या माणसाचे आजारपणात पाय चेपलेत, उलट्या काढल्यात, मला कधी काही वाटलं नाही. त्या एका नखाची किळस आली. न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी हे घरं दाखवायला गेले तशी मी सुट्टी टाकून त्या मुलीला पुन्हा फोन लावला. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बसवणारा ठेवून गेला होता तोच होता, राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला. यांनी तो बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. कोण बघणार होतं? ती एकेक पायरी सांगत गेली आणि मी करत गेले. "ऑफिस"चा पासवर्ड बदलला, सेटिंगचाही बदलला. प्रिंटर उचलून, त्याचा ट्रे साबणाने धुऊन, कोठीत आईंच्या उशाशी ठेवला. बटण दाबलं, निळा दिवा लुकलुकला, मग थांबला. टॅबवर प्रिंटरचं नाव आलं. आईंचा टॅब आत घेतला, माझा फोन आत घेतला.

यांचा लॅपटॉप राहिला पाहुण्यांत.

आईंनी पहिलं चित्र स्वतः दाबलं. दरवाजाचं. कागद सरकत बाहेर येताना त्यांनी डावा हात पुढे केला, जसं आपण रांगत्या मुलाला धरायला करतो. शाई पुसट होती तरी दरवाजा ओळखू येत होता. मग किल्ली, मग चप्पल, मग पुन्हा दरवाजा. उत्साह नाही असं मीच तुला लिहिलं होतं. तुला भांडायला कारण मिळू नये म्हणून लिहिलं होतं. तुझ्या शब्दांनी पोळले, आणि ते योग्यच झालं.

तुझी
वहिनी

२२ मार्च

वहिनी,

पुन्हा पुन्हा वाचलं. लॅबमध्ये मेण वितळून वाहून गेलं, मालक ओरडला, मला ऐकू आलं नाही.

पाहुण्यांत! आपल्या जन्मदात्या आईला! मी त्याच्या घरी उभी राहून बावळटासारखी माझा फोन "घर"ला जोडत होते आणि तो मजा बघत होता. थू.

मी तुला जे लिहिलं ते मागे घेते. सगळं. खोली शोधायची थांबवू का नको ते तू सांग, मी आता लांबून काही ठरवणार नाही. शाई पाठवलीय, काळी आणि रंगीत दोन्ही. तरणतलावाच्या पत्त्यावर.

तो काय म्हणाला लॅपटॉप चालेना तेव्हा?

तुझी
बारकी

६ मे

प्रिय बारके,

शाई मिळाली होती, कळवायला उशीर झाला. मधल्या काळात घरात बोलणं बंद होतं, आणि न बोलणाऱ्या घरात कामं दुप्पट होतात, का कुणास ठाऊक.

पहिल्या दिवशी हे खूप आदळआपट करत होते. "पासवर्ड दे." मी म्हटलं, प्रिंटर आईंचा आहे, खोक्यावर नाव आहे, त्यांना विचारा. तर तडक कोठीत गेले. "आई, माझी पानं काढू ना?" आई म्हणाल्या, "हो." हे माझ्याकडे वळले, बघ म्हणून. मी म्हटलं, "आता असं विचारा, नको काढू ना?" विचारलं नाही त्यांनी. पाय आपटत बाहेर गेले आणि बाजारातून छापून आणायला लागले.

स्पीचवाल्या बाई गेला महिनाभर फक्त हो आणि नाही शिकवत होत्या. मोठ्ठी बरोबरची खूण आणि मोठ्ठी फुली. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारायची आणि आईंनी कागदावर हात ठेवायचा. सुरुवातीला कुठेही ठेवायच्या. चुकलं की रडायच्या, कागद चुरगाळायच्या, मग स्वतःच टॅबवर दाबून दुसरा काढायच्या. ते मात्र कधी सोडलं नाही. जमिनीवर फुल्यांचा नुसता सडा. मग हात ठरू लागला.

गेल्या आठवड्यात मी विचारलं, "आई, इथेच राहायचं?" त्यांनी फुलीवर हात ठेवला. "पुढच्या खोलीत जायचं?" बरोबरवर. मी उलटसुलट करून चार वेळा विचारलं. चारही वेळा तेच. शेवटी त्या माझ्यावरच वैतागल्या, कागदावर हात आपटला. मग मी शेजारच्या रंगाऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून कॉट उचलली. यांचं टेबल दिवाणखान्यात काढलं. आई खिडकीशी बसल्या. प्रिंटर खिडकीखाली, तू सांगितलं होतंस तिथेच.

संध्याकाळी हे आले ते एका नवरा-बायकोला घेऊन, भाड्याचं घर बघायला आलेले. वेगळ्या दाराने सरळ आत. आत आई. हे गडबडले, पण लगेच तोंडभर हसले. तेच हसणं, जे ऐकून तू फोन लांब धरला होतास. "आमच्या मातोश्री. आज उन्हाला म्हणून इथे बसवलंय. मागे त्यांची खास खोली आहे, त्यांनी स्वतः मागून घेतलेली. शांत लागतं ना त्यांना. हो ना, आई? तुला मागचीच खोली आवडते ना?"

मी दारात होते. मला भीती वाटली, कारण त्या थकल्या होत्या आणि थकल्या की तोंडातून "हो" आपोआप जातो.

आईंनी टॅबवर बोट ठेवलं. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. फुली, पानभर. ती बाई हसली, तिला वाटलं गंमत आहे. "चुकून दाबलं जातं त्यांच्याकडून," हे म्हणाले. दुसरा कागद आला. फुली. तिसरा. "बंद कर ते!" हे माझ्यावर ओरडले आणि स्वतःच बटण दाबायला वाकले.

आणि आई म्हणाल्या, "नाही."

तुला वाटेल स्पष्ट म्हणाल्या असतील. नाही. 'ह' तर जवळजवळ नव्हताच, ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि आवाज एखादं जड कपाट सरकवावं तसा. पण खोलीतल्या सगळ्यांना कळला. त्या नवऱ्याने बायकोच्या कोपराला धरलं आणि "आम्ही नंतर येतो" म्हणून दोघं गेले. ते परत आले नाहीत.

यांनी लाळ बघून तोंड फिरवलं. स्वतःच्या आईच्या तोंडाची त्यांना किळस आली! मी पदराने पुसलं, आणि त्या पुसू देत असताना पुन्हा म्हणाल्या, "नाई. नाई. नाई." थांबेचनात. आम्ही दोघी हसायला लागलो आणि मग दोघींनाही रडू आलं.

आता हे त्यांच्या एका मित्राच्या दुकानात टेबल टाकून बसतात. घरी येतात, जेवतात, झोपतात. परवा मला म्हणाले, "झालं ते झालं. पूर्वीसारखं कधी वागणार तू?" मी विचार केला, खरंच केला. रागावले असते तर बरं होतं, राग निघून जातो. हे काहीतरी वेगळंच आहे. त्यांनी घोट घेतलेल्या पेल्यातलं पाणी मला पिववत नाही.

तू खोली शोधायचं थांबवू नकोस, पण घाईही करू नकोस. आईंना दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. आणि शोधशील तर दोन कॉट मावतील अशी शोध. मी स्वतःलाही विचारलंय, उलटसुलट करून.

यांना मी अजून रोज वाढते. मात्र त्यांच्यासमोर बसून घास उतरत नाही, म्हणून आईंच्या खोलीत आधी जेवून घेते. काल आईंनी वाटीकडे बोट दाखवून मला विचारलं, म्हणजे भुवया उंचावल्या फक्त, अजून हवंय का तुला म्हणून. किती तरी दिवसांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

तुझी
वहिनी